कडेवरचं नाव

पदक हातात आलं की मी आधी त्याची कड बघतो. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914, 1918 हे दोन आकडे. पहिल्या महायुद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’वर हे सगळं लाखो ठिकाणी एकसारखंच आहे. कड तेवढी एकाच माणसाची. तिथं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. मराठ्याचं स्पेलिंग धड नसतं, नावाचा उच्चार कुठल्या तरी गोऱ्या कारकुनाच्या कानाला आला तसा उतरलेला असतो. तरी ते नाव ओठांनी वाचलं की अंगावर काटा येतो. चाळीस वर्षं झाली, हा काटा गेलेला नाही.

मी आंबीचा. तळेगावच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. घराणं वारकरी, इंद्रायणीच्या काठचं. रविवारी सकाळच्या लोकलनं शिवाजीनगर गाठायचं, तिथून चालत जुना बाजार. फाटक्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, रेडिओचे सांगाडे, कुलुपं, आणि मधेच एखादं काळं पडलेलं पदक. अशी 31 पदकं, पोलिसांचे 6 बिल्ले आणि 2 प्रशस्तिपत्रं माझ्या कपाटात आहेत. ती ‘माझी’ आहेत असं म्हणताना मात्र जीभ अडखळते, आणि ते अडखळणं का, हेच मला नीट सांगायचं आहे.

आईला हा नाद पहिल्यापासून नामंजूर होता. मेल्या माणसाची वस्तू घरात आणू नये, असं ती म्हणायची. मला तेव्हा ती अंधश्रद्धा वाटायची. पुढं शाळेत कर्मसिद्धान्तावर दोन शब्द सांगायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की आईचा आक्षेप आणि दर्शनकारांचा आक्षेप यांत फारसं अंतर नाही. आपल्या शास्त्रात दोन दोष सांगितले आहेत, कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचं फळ वाया जाणं हा एक, आणि न केलेल्या कर्माचं फळ पदरात पडणं हा दुसरा. ज्या मतात हे दोष येतात ते मत टिकत नाही, असं आचार्य सांगतात. आता माझं कपाट बघा. बसऱ्याच्या उन्हात उभा राहिला तो कुणी दुसराच, त्याच्या घरी आज त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. त्याची चांदी माझ्या मखमलीवर. दोन्ही दोष एकाच खणात.

स्मृतिकारांनी शौर्यधनाला वेगळं काढलं आहे. नारदस्मृतीत विद्येनं मिळवलेलं आणि शौर्यानं मिळवलेलं धन भावाभावांच्या वाटणीत धरायचं नाही, असा नियम आहे. एकत्र कुटुंबाच्या काळात हे केवढं मोठं विधान! शेत वाटता येतं, बैल वाटता येतो, पण अंगावर वार झेलून जे आलं ते झेलणाऱ्याचंच. सख्ख्या भावाचा ज्यावर हक्क नाही, त्यावर जुन्या बाजारात पैसे मोजणाऱ्याचा कसा असेल?

2004 साली ही टोचणी फार वाढली. भंगारवाल्यानं एक चांदीचं पदक विकताना ट्रंक कुठल्या घरातून उचलली तेही सांगितलं. पवन मावळातलं गाव होतं. मी पदक रुमालात बांधलं आणि एसटीनं गेलो. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधकाम चाललं होतं. नातवानं पदक उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “सर, किती द्यायचे याचे?” काही नको म्हटल्यावर तो गोंधळला. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, त्या शिपायाची सून. त्यांनी पदक हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “मास्तर, हितं काय लिवलंय?”

मी म्हटलं, “तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे.”

“मंग वाचा की. म्या सासऱ्याचं नाव जल्मात घेतलं न्हाई. तुमी घ्या.”

मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, जणू सासरे आत्ताच ओसरीवर आले. मग पदक माझ्याच हातात परत ठेवलं. “आमच्यापाशी ऱ्हायलं तर पोरं पुन्यांदा इकतील. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. नाव घेत जावा मातुर.”

त्या दिवसापासून माझ्यापुरता एक शब्द पक्का झाला, ठेव. धर्मशास्त्रात निक्षेप म्हणतात तो. ठेव राखणारा मालक नसतो. त्याला ती वस्तू वापरायची मुभा नाही, फक्त जपायची. आजींनी दिलेली ती एक खरी ठेव. उरलेल्या तीस पदकांचा ठेवणारा कोण, हे सापडत नाही, पण म्हणून राखणदाराची जबाबदारी सुटत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली आहे. सुरुवातीच्या काळात एक चांदीचं पदक चकचकीत करायच्या हौसेनं मी रांगोळीनं घासलं. राजाचं डोकं लखलखलं आणि कडेवरची बहुतेक अक्षरं पुसट झाली. आता भिंगातूनही नंबर आणि नावाची पहिली दोन अक्षरं एवढंच लागतं. तो माणूस कोण, हे आता कधीच कळणार नाही, आणि याला युद्ध, सरकार, वाळवी यांपैकी कुणीही जबाबदार नाही. त्यानंतर मी कुठलंही पदक घासलेलं नाही. काळं असेल तर काळं राहू दे.

चांदीच्या पदकांचं आणखी एक दुःख म्हणजे ती सोनारानं घेतली. अडचणीच्या वर्षी आजोबांचं पदक सराफाकडं गेलं, त्याचे नातीच्या पायातले वाळे झाले, हे मी कितीतरी घरांत ऐकलं. 1980 च्या सुमारास चांदीचा भाव जगभर भडकला, तेव्हा इंग्लंडातही ही पदकं ढिगांनी वितळली. पण त्याच पदकाची एक ब्राँझची आवृत्तीही होती. हिंदी, चिनी आणि माल्टी मजुरांच्या तुकड्यांना चांदी दिली नाही, ब्राँझ दिलं. समुद्र तोच, ताप तोच, धातू मात्र हलका. माझ्याकडं असं एकच आहे. कडेवर नंबर, नुसतं पहिलं नाव आणि लेबर कोअर. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. त्या नावाची माणसं आमच्या आळीत आजही चार घरांत निघतील. सोनार ब्राँझ घेत नाही म्हणून ते टिकलं. एकतिसांत मला सगळ्यांत जवळचं पदक कुठलं विचाराल तर हेच.

स्वतंत्र भारताच्या पदकांमागं वेगळा विचार आहे. 26 जानेवारी 1950 ला परमवीर चक्र सुरू झालं. ते घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं स्विस, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. संस्कृत आणि पुराणं त्यांनी मनापासून अभ्यासली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. सव्वा इंचाहून जरा मोठ्या त्या ब्राँझवर त्यांनी मधे राजमुद्रा घेतली आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र म्हणजे दधीचीचं हाड. देवांनी मागितलं आणि ऋषीनं देह ठेवला, एवढीच ती गोष्ट. वज्राच्या त्या खुणेत जिंकणं दुय्यम आहे, देणं पहिलं. मजुरांना हलकं म्हणून दिलेला तोच धातू इथं सर्वांत मोठ्या मानाला वापरला, हे मला फार समाधानाचं वाटतं. अशोकचक्राची घडणही सावित्रीबाईंचीच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ज्यांनी दहशतवादी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, त्या साताऱ्याकडच्या तुकाराम ओंबळ्यांना ते मरणोत्तर दिलं गेलं.

आणि तुकाराम म्हटलं की आमच्या काठावर दुसराच तुकाराम उभा राहतो. शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या मशाली, छत्र, घोडे त्यांनी परत धाडले, असं परंपरा सांगते. माळकऱ्याच्या घरात मानचिन्हांचं कपाट कसं शोभतं, असं गावातल्या एका बुवांनी मला भर कीर्तनानंतर विचारलं होतं. मला वाटतं, बुवा, परत धाडायला पत्ता लागतो. मान नाकारायचा तर तो आधी आपला असावा लागतो. माझ्या कपाटातला एकही मान माझा नाही. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. संग्राहकानं दुसरा पक्षी व्हावं. मी झालोय असं म्हणवत नाही. नवं पदक मिळालं की मला आनंद होतो, आणि तो आनंद खाणाऱ्या पक्ष्याचाच असतो.

चार्वाकांचा एक टोमणा मला जन्मभर छळत आला आहे. इथं दिलेलं पाणी मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवाशानं शिदोरी तरी कशाला बांधावी? तर्कानं याला उत्तर सापडलेलं नाही. ज्या शास्त्रानं फळ करणाऱ्यालाच मिळतं म्हटलं, त्याच शास्त्रानं तर्पणात ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, गोत्र ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ राखली. निपुत्रिक भीष्माला तर सगळ्यांनी पाणी द्यायचं, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही त्यांनीसुद्धा. भीष्म शिपाईच होता.

म्हणून माघातल्या भीष्माष्टमीला मी पदकांवरच्या नावांची वही घेऊन पहाटे नदीवर जातो. आंबीच्या पुलाखाली आता पाणी पूर्वीसारखं नाही, एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या डोक्यावरून धडधडत जातात. एकेक नाव वाचतो आणि ओंजळ सोडतो. पवन मावळातल्या आजी आता नाहीत, त्यांच्या सासऱ्यांचं नाव मी सर्वांत आधी घेतो. रांगोळीनं घासलेल्या माणसाचा नुसता नंबर वाचतो. ब्राँझवाल्याचं वाचलं तेव्हा गेल्या वर्षी काठावर दात घासत बसलेला एक पोरगा वळून म्हणाला, “काय सर, हाक मारली का?” त्याचं नाव तेच होतं.