न भुंकणाऱ्या तांबीला घर हवे आहे



रविवारी दुसऱ्या मिस्साला आपल्या शेवटच्या बाकामागे एक तांबूस कुत्री पडून असते. धर्मशिक्षणाची मुले तिला तांबी म्हणतात. आज आम्हांला तिच्याविषयी बोलायचे आहे. प्रवचनाच्या पानावर कुत्रीचे काय काम, असे काहींना वाटेल. पण जरा ऐकून घ्या.

तांबी आली मागच्या पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, लिलाव नाही, जाळी झाडताना पडणारी मासळी नाही. बंदरावरच्या कुत्र्यांचे तेच तर अन्न. पर्यटकही नसतात. हिवाळ्यात तारकर्लीला, चिवला किनाऱ्यावर जी मंडळी कुत्र्यांना बिस्किटे घालून फोटो काढतात, त्यांना जुलैमध्ये त्या कुत्र्यांचे काय होते हे माहीत नसते. आपल्याला माहीत असते.

पहिल्या रविवारी आम्हीच तिला हाकलले. अंगाला खरूज, मागचा पाय लंगडा, वेदीसेवक मुले तिच्याकडे बघून हसू लागली आणि आम्ही काठी आणायला सांगितली. ती उठली, दारापर्यंत गेली आणि पावसात तिथेच बसून राहिली. गुरगुरली नाही की ओरडली नाही. मिस्सा संपल्यावर एका आजींनी तिला पेज घातली. पुढे आपल्या तरुणांनी तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले, रेबीजची लस दिली, पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियाही करून घेतली. खरूज गेली, पाय मात्र लंगडाच राहिला. फेस्ताला फटाके वाजले तेव्हा ती पापनिवेदनाच्या कक्षात जाऊन बसली होती. तिला कसले पाप असणार!

मग एका कुटुंबाने तिला घरी नेले. आम्हांला आनंद झाला. आठ दिवसांनी घरधनी तिला परत घेऊन आले. म्हणाले, "फादर, ही भुंकतच नाय. राखण काय करतली?"

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. बागेत वानर येतात, रात्री घर एकटे असते. आपल्याकडे कुत्रा पाळायचा तो राखणीला. पण त्या प्रश्नाने आमचा पाठलाग सोडला नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्त वाचला होता. त्याच्या मते प्राणी म्हणजे एक प्रकारचे यंत्र. तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. पण ज्याचा उपयोग नाही ते परत करायचे, हा हिशेब यंत्राचाच नाही का? आणि हाच हिशेब आपण कुठे कुठे लावतो? अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला? न शिकणाऱ्या मुलाला? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले की प्रत्येक जीवाला देवासमोर स्वतःचे मोल आहे. आपल्याला तो किती उपयोगी पडतो यावर ते ठरत नाही.

पॅरिश कौन्सिलमध्ये एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, माणसे उपाशी असताना कुत्र्यांवर पैसे का घालवायचे? प्रश्न योग्य आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४१८) हे दोन्ही आहे: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पण तांबीला पैसा नको आहे. ताटात उरलेला भात, माशाचे डोके आणि पडवीचा एक कोपरा. वर्षातून एकदा लस.

१६ ऑगस्टला आपण संत रोक यांचा सण पाळतो. त्यांच्या पुतळ्याच्या पायाशी कुत्रा असतो, तोंडात पाव घेतलेला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता रोकना स्वतःला प्लेग झाला आणि ते गावाबाहेर रानात जाऊन पडले. परंपरा सांगते की गोथार्ड नावाच्या एका श्रीमंताचा कुत्रा रोज घरातला पाव उचलून त्यांच्याकडे नेऊ लागला. एके दिवशी गोथार्ड त्याच्या मागोमाग गेला आणि त्याला रोक सापडले. तो कुत्रा तरी राखणीचा कुठे होता? घरातलाच पाव बाहेर नेत होता! संत लूक यांच्या शुभवर्तमानातला लाजरसही दारातच पडलेला होता. त्याच्याजवळ आली ती कुत्री. घरातले कोणी आले नाही.

अलीकडची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. गोव्यात रस्त्यावरचे एक पिल्लू रतन टाटांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चढले आणि थेट मुंबईच्या बॉम्बे हाऊसमध्ये पोहोचले. त्याचे नावच 'गोवा' पडले. तिथे २०१८ साली नूतनीकरण झाले तेव्हा भटक्या कुत्र्यांसाठी खास जागा ठेवली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांचे निधन झाले, तेव्हा अंत्यदर्शनाला 'गोवा'लाही आणले होते. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाला त्या गावठी कुत्र्याचा काय उपयोग होता? काहीही नाही.

आता व्यवहाराचे. चावऱ्या कुत्र्यांची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून कुठलाही कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना नको. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की जो कुत्रा दत्तक घेईल, तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. आम्हांलाही एवढेच हवे आहे. तांबीला एकदा परत आणून सोडले, दुसऱ्यांदा नको.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती घंटेच्या मनोऱ्याखाली असेल. ज्यांना न्यायची आहे त्यांनी घरातल्या सर्वांना घेऊन यावे, विशेषतः जी व्यक्ती नको म्हणते तिला. लसीचे कार्ड आमच्याकडे आहे. ती भुंकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि फटाक्यांच्या रात्री तिला घरात घ्यावे लागेल.

तुमचा धर्मगुरू