कागद गेला, उतरंड राहिली

यंत्र आले की कामाची रीत आपोआप बदलते, असा समज सर्वत्र रूढ आहे. आम्हां सरकारी कारकुनांच्या नित्याच्या व्यवहाराकडे पाहिले, तर तो निम्माच खरा ठरतो.

रेल्वेचे उदाहरण घ्या. पूर्वी आरक्षणाची नोंद हाताने वहीत होई. वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असणार. म्हणून ठरावीक गाडीसाठी ठरावीक खिडकी आणि तिच्यापुढे निराळी रांग. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. वहीचे बंधन सुटताच कामाची वाटणीही बदलली.

सचिवालयातील फाइलीचे मात्र तसे झाले नाही. कागदाची फाइल एका वेळी एकाच मेजावर राहू शकते. तेव्हा ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी पायरीपायरीने चढावी, हे स्वाभाविक होते. आज ई-ऑफिसमध्ये फाइल पडद्यावर येते. टिपणाचा हिरवा कागदसुद्धा तेथे हिरवाच उतरला आहे, आणि त्याच्याबरोबर सारी उतरंडही! या पायऱ्या चारांहून अधिक नसाव्यात, असा प्रयत्न केंद्र सरकारने २०२१ साली हाती घेतला. तो माणसांनी विचारपूर्वक केला. यंत्राने आपण होऊन केला नाही.

असे का व्हावे? वहीमागे केवळ सोय होती. सहीमागे जबाबदारी आहे. वर आणखी एक सही होणारच, या भरवशावर खालचा निश्चिंत असतो. खाली कोणी तरी तपासले असेलच, या भरवशावर वरचा. सह्या वाढत जातात आणि निर्णय नेमका कोणाचा, हे सांगता येईनासे होते. फाइल कोणाकडे किती दिवस पडून होती, हे यंत्र दाखवील. ती कोणी मन लावून वाचली, हे त्याला कसे कळावे?

आमच्या मते कामाची रचना हा मुळात विश्वासाचा प्रश्न आहे. कोणावर किती विश्वास टाकावा आणि निर्णय चुकल्यास कोणी पुढे यावे, हे माणसांनीच ठरवावयाचे असते. निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या विधवेला आपली फाइल कोणत्या पायरीवर आहे, एवढेच कळून काय उपयोग? तिला उत्तर हवे असते. आणि ते स्वतःच्या नावावर देण्यास कोणी तरी तयार असावे लागते.