घराबाहेरच्या माणसावरचा विश्वास

उद्योग आणि नेतृत्व या विषयांवर मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्याचा मोठा भाग यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांनी व्यापलेला असतो. जिद्द, दूरदृष्टी आणि धाडस यांची वर्णने वाचून तरुणांना उमेद मिळते, हे खरेच. पण बरा चाललेला एखादा कारखाना पंचवीस वर्षांनंतरही होता तेवढाच का राहतो, याचे उत्तर चरित्रांत सापडत नाही. जिद्द तर त्या मालकाकडेही असते. तो सकाळी सर्वांच्या आधी येतो आणि रात्री सर्वांच्या नंतर घरी जातो. मग गाडे अडते कुठे? या प्रश्नाचा काटेकोर शोध घेणारे एक महत्त्वाचे संशोधन आपल्या अगदी दाराशी, मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव परिसरात झालेले आहे.

निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच अर्थशास्त्रज्ञांनी २००८मध्ये सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत हे काम सुरू केले. व्यवस्थापन सुधारले तर उत्पादन खरोखर वाढते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी यादृच्छिक निवडीने कारखान्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांत एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या तज्ज्ञांनी महिनाभर पाहणी केली. नंतर एका गटात त्यांनी आणखी चार महिने थांबून सुधारणा प्रत्यक्ष करवून घेतल्या. मालकांना यासाठी एक रुपयाही द्यावा लागला नाही. पाहणी दोन्हीकडे झालेली असल्याने, ‘कोणी पाहतंय म्हणून काम सुधारले’ ही नेहमीची शंकाही बरीचशी दूर होते.

पाहणीत जे दिसले, ते कारखानदारी जवळून पाहिलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. सुताच्या साठ्यावर लेबल नाही, त्यामुळे कोणते सूत किती शिल्लक आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. सुटे भाग आणि हत्यारे ढिगात पडलेली. माग बंद पडला की दुरुस्ती, तोवर देखभाल नाही. कापडातल्या दोषांची नोंद होत असे, पण ती गिऱ्हाइकाची तक्रार आली तर हाताशी असावी म्हणून. त्या नोंदींची बेरीज करून कोणता दोष कोणत्या मागावर वारंवार येतो, हे कोणी पाहत नव्हते. परिणामी जवळजवळ पाचवा हिस्सा मनुष्यबळ कापड तपासण्यात आणि दोष दुरुस्त करण्यात गुंतलेले होते.

सल्लागारांनी ३८ कार्यपद्धतींची यादी समोर ठेवली. तिच्यात दिपवून टाकणारे काही नव्हते: मागांची ठरल्या वेळी देखभाल, दोषांची रोजची वर्गवारी, साठ्याची मोजणी, चांगल्या कामाला बक्षीस आणि दररोज सकाळी कालच्या आकड्यांवर बैठक. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कापडातल्या दोषांचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी दुसऱ्या गटाच्या तुलनेत अधिक नवे कारखानेही उघडले. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे नफ्यातली वाढ कारखान्यामागे वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर होती. हे निष्कर्ष २०१३मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढा फायदा समोर असताना मालकांनी हे आधीच का केले नाही? पहिले कारण माहितीचे. काही पद्धती त्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या, आणि ज्या ऐकल्या होत्या त्यांचा आपल्याला उपयोग नाही अशी त्यांची समजूत होती. शेजारच्या कारखान्यातही तेवढेच दोष निघतात, धंदा नफ्यात आहे, मग बिघडले कुठे? ज्याचा हिशेबच ठेवलेला नाही ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पण माहितीच्या अभावाने अर्धेच कोडे सुटते. ढिसाळ कारखाने मागे पडावेत आणि नीटनेटके वाढावेत, हे बाजाराने आपोआप घडवून आणायला हवे होते. ते घडले नाही. आयातशुल्काच्या आडोशामुळे स्पर्धेची धार बोथट होती, आणि नीट चालणाऱ्या कंपन्यांच्या वाढीलाही एका ठिकाणी कुंपण होते.

ते कुंपण या संशोधनाने नेमके दाखवले. कंपनीचे किती कारखाने आहेत, याचा सर्वांत जवळचा संबंध निघाला तो मालकाच्या कुटुंबात किती पुरुष आहेत याच्याशी. संचालक म्हणून घरचाच माणूस. खरेदी, भरती, थोडाफार खर्च, सगळ्याची संमती त्याच्याकडून. व्यवस्थापक हुशार असला तरी चोरी करील, ही धास्ती. म्हणून दुसरा कारखाना काढायचा तर दुसरा भाऊ हवा आणि तिसऱ्यासाठी मुलगा वयात यायला हवा. भांडवल मिळू शकते, मागणी असते, यंत्रे विकत घेता येतात. पण भरवशाची माणसे घरात जन्मावीच लागतात, असा हा हिशेब आहे. त्यातही ‘पुरुष’ या अटीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. विश्वासाचे वर्तुळ आधीच घरापुरते आखलेले, आणि त्यातूनही मुली-सुना वगळलेल्या. ज्या घराला माणसे पुरत नाहीत, तेच घर आपली अर्धी माणसे मोजत नाही.

याला मालकांचा संशयी स्वभाव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ‘विश्वास पानिपतात गेला’ हे आपल्याकडे सहज बोलले जाते. जणू तो एकदा गेला तो कायमचा. मला हे मान्य नाही. व्यवस्थापकाने माल लंपास केला तर दाद कुठे मागायची? खटल्याचा निकाल वर्षानुवर्षे लागणार नसेल, तर सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावणारा मालक अविचारी ठरत नाही. तो परिस्थितीला साजेसे वागत असतो. अनोळखी माणसावरचा विश्वास हा मनाच्या मोठेपणावर उभा राहत नाही. तो न्यायालये, करार आणि पडताळून पाहता येतील अशा नोंदी यांच्या आधाराने उभा राहतो.

म्हणूनच या प्रयोगात मला सर्वांत आशादायक वाटते ती गोष्ट नफ्याच्या आकड्यांपलीकडची आहे. रोजच्या नोंदी हाती येऊ लागल्यावर मालकांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांना अधिक निर्णय घेऊ दिले. साठा मोजलेला असला की चोरी लपत नाही. आणि चोरी लपत नसेल तर किल्ली दुसऱ्याच्या हाती देता येते. कोणी नीतीचे पाठ दिले नव्हते, माणसेही बदलली नव्हती. हिशेब नीट झाला आणि विश्वास ठेवणे परवडू लागले.

हा विश्वास व्यवस्थापकाच्या केबिनपाशी थांबला तर मात्र काम अपुरे राहील. १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये केलेला प्रयोग इथे आठवायला हवा. तिथल्या स्वयंचलित मागांच्या खात्यात काम इतके तुकड्यातुकड्यांत वाटले होते की कोणत्याच मागाची पूर्ण जबाबदारी कोणाकडे नव्हती. राइस यांनी ठरावीक मागांसाठी कामगारांचे छोटे गट करण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच जुळवले. घडी बसल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. नवी यंत्रे आणूनही जे साधले नव्हते, ते काम आणि जबाबदारी एकत्र सोपवल्यावर साधले. मागाचा आवाज बदलला की बिघाड ओळखणारा विणकर हा माहितीचा पहिला धनी असतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या यंत्रमागधारकांनी सकाळच्या बैठकीत त्यालाही बसवले पाहिजे, आणि त्याच्या नोंदीतून झालेल्या बचतीत त्याचा वाटाही ठरवला पाहिजे. नाहीतर ती नोंद त्याला पाळत वाटेल, आणि त्याचे वाटणे चुकीचे नसेल.

तारापूरच्या संशोधनाचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. २०१७मध्ये संशोधक पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. सल्लागारांच्या मदतीने सुरू झालेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलला की त्याच्यासोबत पद्धतही गेली, किंवा मालकाला तिकडे लक्ष द्यायला वेळ उरला नाही. तरीही हे कारखाने दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे होते, आणि त्याच कंपन्यांच्या इतर कारखान्यांत काही पद्धती आपसूक पोचल्या होत्या. एका माणसाच्या उत्साहावर चालणारी सुधारणा त्या माणसाबरोबर जाते. कारखान्याच्या नित्यक्रमात मुरलेली सुधारणा टिकते. कर्तबगार नेत्याच्या शोधात असलेल्या आपल्या समाजाने हा धडा गांभीर्याने घ्यावा.

१७ कंपन्या हा छोटा नमुना आहे, आणि कापडधंद्याचे निष्कर्ष साखर कारखान्याला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. औद्योगिक वसाहतीत रस्ता, वीज आणि पाणी दिले की सरकारचे काम संपते, ही कल्पना सोडावी लागेल. छोट्या कारखान्यांना परवडेल असा व्यवस्थापनाचा सल्ला उद्योजक संघटना एकत्र येऊन मिळवू शकतात. व्यापारी वादांचा निकाल लवकर लागणे हा केवळ वकिलांचा विषय नाही. रोजगाराचा प्रश्न त्याला बांधलेला आहे, कारण बाहेरच्या माणसावर विसंबता आले तरच दुसरा कारखाना उभा राहतो आणि त्यात दुसऱ्यांची मुले कामाला लागतात. आणि मालकांनी आपल्या मुलींना संचालक मंडळावर घेण्यासाठी तर कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.