देणारा कोण, घेणारा कोण?



ऑक्टोबरात मिशन रविवारी आपण पाकिटात पैसे घालतो आणि दूरच्या माणसाला मदत केल्याचे समाधान घेऊन घरी जातो. काही जण मात्र पाकिटाऐवजी स्वतःच जातात. त्यांत नवरा-बायकोची जोडपीही असतात. अमेरिकेत १९६१ साली सुरू झालेल्या पीस कोअर या सरकारी संस्थेतर्फे अशी जोडपी आफ्रिकेतल्या खेड्यांत राहायला गेली. सुमारे तीन महिने प्रशिक्षण आणि पुढे दोन वर्षे काम. मलावी हा त्यांतलाच एक देश.

तिथल्या खेड्यात त्यांचा दिवस पहाटे शेजारच्या अंगणातल्या खराट्याच्या आवाजाने सुरू होतो. मग बादली घेऊन हातपंपावर जायचे. पाणी भरणे हे तिथे बायकांचे काम. नवरा बादली घेऊन निघाला की पोरे हसतात. चूल पेटवायची, मक्याच्या पिठाचा 'न्सिमा' घोटायचा, रात्री मच्छरदाणी नीट खोचायची. वाटेत कोणी भेटले तर आधी 'मुली ब्वांजी' म्हणून खुशाली विचारायची, कामाचे मागून. (आपल्या कानांना काहीही वाटो, त्याचा मुलींशी संबंध नाही!) शिकवायला आलेली ही पदवीधर माणसे पहिले काही महिने गावातल्या सात वर्षांच्या पोरीपेक्षा अडाणी असतात. शेजारीण नसती तर त्यांची चूलही पेटली नसती.

मग मदत कोण कोणाला करतो? १९६८ साली, तेव्हा धर्मगुरू असलेल्या इव्हान इलिच यांनी अमेरिकन स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले होते की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. बोलणे कठोर होते, पण पोकळ नव्हते. २००६ साली 'प्लेपंप' या पंपाचा मोठा गाजावाजा झाला. मुले चक्रावर खेळतील आणि पाणी वर येईल, अशी कल्पना. मुले कंटाळली आणि ते जड चक्र बायका हाताने फिरवू लागल्या. त्यांना आधी कोणी विचारले असते तर? शिवाय, स्वयंसेवक परत जाऊ शकतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे पीस कोअरने जगभरातल्या सुमारे सात हजार स्वयंसेवकांना मायदेशी नेले. शेजारीण तिथेच राहिली.

तरीही इलिच यांच्याशी आम्ही पूर्ण सहमत नाही, कारण शिकायला गेलेल्या माणसालाही जेवावे लागते. मलावीत जानेवारी-फेब्रुवारी हे उपासमारीचे महिने. कणगीतला मका संपलेला, शेतातला अजून हिरवा. २०२४ साली दुष्काळामुळे तिथल्या २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली होती. अशा दिवसांत जोडप्याच्या हातात दरमहा भत्ता येतो, बाजारातून पीठ आणता येते. शेजारच्या घरी एकदाच चूल पेटते. एकाला दिले तर उद्या तीस जण दाराशी येतील. नाही दिले, तर दार लावून जेवायचे. एकट्या स्वयंसेवकाला निदान सोबतीसाठी शेजारी जाऊन बसावे लागते. जोडप्याचे तसे नाही. त्यांना दोघांची भाषा, दोघांचे ताट आणि दाराला कडी असते. संसाराचे हे सुखच तिथे मोहाचे ठिकाण होते.

सेमिनरीत आम्ही शिकलो की प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. संत थॉमस अक्विनास पुढे असेही सांगतात की प्रेमाला क्रम असतो. जो जवळचा, त्याचे आपल्यावर अधिक देणे. आम्हांला हे पटते. सर्वांना देता येत नाही म्हणून कोणालाच द्यायचे नाही, हा न्याय नव्हे, ती सोय आहे. जिने चूल पेटवायला शिकवले तिच्या घरी पीठ जावे; गाजावाजा न करता, आणि तिने बदल्यात मूठभर शेंगदाणे दिले तर तेही घ्यावेत. न घेणे हा तिचा अपमान होईल.

पण चौथ्या घरातले पोर कुंपणाशी उभे राहून ते पीठ जाताना पाहत असते. त्याच्या आईने या दोघांना काहीच शिकवलेले नाही, आणि त्यालाही भूक तेवढीच आहे.