निवडलेली मुले

गेल्या श्रावणातली गोष्ट. मार्केट यार्डात हमाली करणारे आमच्या शाहूपुरीतले एक शेजारी विचारू लागले, "मास्तर, पोरगं कागलच्या नवोदयला लागलं तर डाक्टर हुईल न्हवं?"

'होईल' म्हणणार होतो, जीभ अडखळली. १९८५-८६ साली निघालेल्या या शाळा पाचवीतली मुले परीक्षा घेऊन सहावीला निवडतात. हुशार तेवढी वेचून घ्यायची आणि पुढच्या यशाचे श्रेय शाळेला द्यायचे, हा हिशेब मला पटत नाही. वैद्यकीय प्रवेशाला 'नीट'चे गुण लागतात. शाळेचे नाव कोणी विचारीत नाही. पण राहण्या-जेवणाची सोय आणि अभ्यासाला निवांत जागा, यांना मोल नाही असे कसे म्हणावे? शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढले, ते खेड्यातल्या मुलांना शिकण्यासाठी छप्पर नव्हते म्हणूनच.

मात्र माझ्या वर्गातला एक मुलगा त्या निवडीत राहिला. तेव्हापासून त्याने वर्गात हात वर केला नाही. परीक्षेला मीच बसवले होते त्याला.

"बसवा पोराला," मी म्हणालो, "निकालादिवशी मात्र त्याला घेऊन या."

"पेढंच आणतो की!"

"निवड झाली नाही, तरी या."