कुत्र्याचा पंजा आणि शिवाशिव

गृहस्थाने वैश्वदेव आटोपल्यावर, स्वतः पानावर बसण्यापूर्वी, काही अन्न दाराबाहेर भूमीवर ठेवावे, त्यातला एक भाग कावळ्यांचा आणि एक कुत्र्यांचा असावा, आणि कुत्र्यांचा तो भाग यमाच्या श्याम व शबल या दोन श्वानांच्या नावे द्यावा, असा जो शिरस्ता आपल्या धर्मशास्त्राने घालून दिला आहे, त्यात भूतदया आहे यात संशय नाही. परंतु त्याच शास्त्राने कुत्रा शिवल्यास स्नान सांगितले आहे, ही गोष्ट शेजारी ठेवून पाहिली म्हणजे या दयेची हद्द कोठे मुक्रर झाली होती ते ध्यानात येते. अन्न उंबऱ्याबाहेर जाते, हात आत राहतो. अशा बंदोबस्तात प्राण्याचा हक्क त्याला पोहोचता होतो आणि दात्याच्या सोवळ्यालाही बाध येत नाही. म्हणूनच ही व्यवस्था शतकानुशतके निर्वेधपणे चालली.

ती जेथे निरुपाय होते असे एक अगदी क्षुद्र स्थळ म्हणजे कुत्र्याच्या तळव्याची फाटलेली गादी. कुत्रा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. चार बोटांखालच्या चार लहान गाद्या आणि त्यांच्यामागची एक मोठी, एवढ्यांवर प्रत्येक पायाचा भार असतो. त्याच्या अंगावरची सर्वांत जाड कातडी येथेच असून तिच्याखाली चरबीचा थर असल्यामुळे काच, पत्र्याचा तुकडा किंवा बाभळीचा काटा खोल रुतला तरी वरून दिसत नाही, आणि जखम भरू लागली तरी पुढच्याच पावलाला ती पुन्हा उघडते. टाके घातले तर तेही भाराने फाटण्याची भीती असते. भाकरीचा तुकडा फेकून या जखमेचे काही होत नाही. पंजा मांडीवर घ्यावा लागतो, बोटे एकेक विलग करून फटींत पाहावे लागते, कोमट मिठाच्या पाण्याने माती धुऊन वर आलेला काटा चिमट्याने काढावा लागतो (खोल गेलेला मात्र पशुवैद्यानेच काढावा), आणि फिनेलसारखे जहाल द्रव जवळपासही येऊ न देता, बोटांच्या मध्ये कापूस ठेवून, पट्टी अशी बांधावी लागते की ती निसटू नये आणि तिच्या आवळण्याने बोटे सुजूही नयेत. ती भिजली की बदलायची. जखम चाटण्याचा त्याचा हट्ट चालू द्यायचा नाही. या सर्व खटाटोपात सोवळ्याला कोठेही जागा उरत नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्रे शिजवून खाणारा श्वपाक या सर्वांच्या ठिकाणी ज्ञानी पुरुष समच पाहतो असे सांगितले आहे, आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना हे पाहणे म्हणजे सर्वत्र असलेल्या एकाच निर्विकार ब्रह्माचे दर्शन होय, असा अर्थ केला आहे. तत्त्व म्हणून त्यापुढे बोलण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की पाहणे दुरून होते, आणि दुरून होणाऱ्या समतेला खर्च फार थोडा येतो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना पूर्वापार खुले होते. मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा निर्णय दप्तरी दाखल असतानाही अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र ते बंद राहिले, आणि अखेर मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना त्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. समदर्शनाचा श्लोक ज्यांना मुखोद्गत होता त्यांच्याच हयातीतली ही कैफियत आहे. कुत्र्याची शुश्रूषा हा विषय करुणेच्या फुरसतीतला आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शिवाशिवीच्या या प्रकरणाशी तो कोठे जुळतो ते पाहावे.

महाप्रस्थानात युधिष्ठिराला इंद्र बजावतो की कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, त्यांचे यज्ञदानाचे पुण्य क्रोधवश नावाचे राक्षस हिरावून नेतात. तरीही आश्रयाला आलेल्याचा त्याग करणार नाही, या एका मुद्द्यावर धर्मराज अढळ राहतो. प्रसंग थोर आहे. पण त्या कुत्र्याचे तळवे हिमालय चढून कशा अवस्थेत होते, याविषयी महाभारतकार गप्प आहेत, आणि ही उणीव मला बौद्ध परंपरेतल्या असंगाच्या कथेत भरून निघालेली दिसते. तिबेटी ग्रंथकारांनी सांगितलेली ती कथा अशी, की मैत्रेयाच्या दर्शनासाठी बारा वर्षे केलेली ध्यानधारणा निष्फळ ठरून परतणाऱ्या असंगाला वाटेत एक कुत्री दिसली, तिच्या जखमेत किडे पडले होते. ते काढावेत तर मरतील, राहू द्यावेत तर कुत्री मरेल, अशा पेचात त्याने स्वतःच्या मांडीचे मांस कापून किड्यांना ठेवले, आणि बोटांनी ते चिरडतील म्हणून डोळे मिटून जिभेने उचलण्यास तो वाकला, तेव्हा कुत्री नाहीशी होऊन मैत्रेय समोर उभा राहिला. किड्यांचाही हिशेब धरणारी ही करुणा आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हे, आणि खरे सांगायचे तर पशुवैद्याने तिचे अनुकरण करूही नये. परंतु बारा वर्षांच्या ध्यानाने जे साधले नाही ते जखमेजवळ तोंड नेल्याने साधले, हा कथाकाराचा निवाडा मात्र स्पष्ट आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला पुण्याच्या प्रश्नाहून अधिक गंभीर वाटतो. वेदनेच्या भरात लळा लागलेला कुत्राही चावतो, म्हणून त्याचे तोंड मऊ कापडाने बांधावे लागते. त्याच्या दृष्टीने ही सेवा आणि छळ यांत तिळमात्र फरक नसतो. ज्याला संमती देताच येत नाही त्याच्यावर हिताची जबरदस्ती करण्याची सनद आपल्याला कोणी दिली? माझ्या मते कोणी दिलेली नाही. ती कामाच्या रीतीतून प्रत्येक वेळी मिळवावी लागते. कुत्रा तोंड उघडून धापा टाकत अंगातली उष्णता बाहेर घालवतो, म्हणून ते कापड काही क्षणांपुरतेच बांधावे, उन्हाच्या वेळी तर अधिकच जपून, आणि काम होताच सोडावे. दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळण्याचा रोग दयाळूपणाची भीड धरीत नाही. आणि एवढे करून दुसऱ्या दिवशी तोच कुत्रा आपल्याला पाहताच मोटारीखाली दडतो. कृतज्ञतेची वसुली करू पाहणारा मनुष्य येथे रुष्ट होऊन परततो. पण पट्टी तर बदलायचीच असते, तेव्हा दोघांनी जावे, एकाने मान धरावी, दुसऱ्याने पंजा.