बियाण्याचं मडकं

काळा घेवडा करायचा तर आदल्या रात्रीच भिजत घालावा लागतो. सकाळी पाणी जांभळट काळं झालेलं असतं. ते आई कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायची. दुसऱ्या पाण्यात घेवडा रटरटा उकळायचा. कच्चट राहिला की पोट बिघडतं, उलट्या होतात, हे तिला कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. मीठ शेवटी, नाहीतर दाणा दडदडीत राहतो म्हणे. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला पाट्यावर वाटून लावायचा. भाकरी कुस्करून खायला त्याच्यासारखं कालवण नाही.

हा घेवडा तिनं माहेरून, भामा खोऱ्यातून आणलेला. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या काळ्याला साधं नावसुद्धा नव्हतं. दरवर्षी चांगले भरलेले दाणे निवडून, राखेत घोळून ती उतरंडीतल्या एका मडक्यात ठेवायची. त्या मडक्याला हात लावलेला तिला चालायचा नाही. आमची जमीन चाकण एमआयडीसीत गेली, तरी घरामागं कुंपणाच्या कडेनं ती घेवडा टोकायचीच. पुढच्या बाजूला आम्ही खोल्या बांधल्या. बिहार, ओडिशा, मराठवाडा, कुठली कुठली पोरं तिथं भाड्यानं राहायची. कंपन्यांत कंत्राटी कामगार.

2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि कारखान्यांचे भोंगे थांबले. आधी वाटलं, एकवीस दिवसांचा प्रश्न आहे. एप्रिल निम्मा सरला तेव्हा पोरांचे डबे रिकामे झाले होते. रेशनकार्डं गावाकडं, ठेकेदाराचा फोन बंद. मी भाडं मागितलं नाही. पण माफही केलं नाही. वहीत बाकी म्हणून लिहीत गेलो. आणि माझ्या घरात तूरडाळीची अख्खी गोणी होती. पुढं मिळेल न मिळेल, म्हणून पहिल्याच आठवड्यात आणून ठेवलेली. पोरांच्या खोल्यांतून स्टोव्हचा आवाज येईनासा झाला, हे मला कळलं होतं.

एका संध्याकाळी पाहतो तर आई मडकं उपडं करून सुपात राख पाखडत बसलेली. तीन-चार मापटी घेवडा असेल.

मी म्हटलं, "आगं, बियाणं हाये ते. मिरगाला काय पेरशील?"

"मिरगाला दोन महिनं हायेत. त्या पोरांच्या पोटात कालपास्नं काय नाय."

मला पुढं काही सुचलं नाही. कोपऱ्यातल्या गोणीकडं माझी नजर गेली असावी, कारण तीच म्हणाली, "डाळ तुझी. घेवडा माझा हाये."

मूठभर तरी ठेव, एवढं म्हटलं. तिनं ठेवला. सकाळी अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. पोरं भाकरीपेक्षा भातावर खूश. एक जण म्हणाला, "चाची, ये तो काला राजमा है." आईला 'राजमा' कळलं नाही, पण त्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं ते कळलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमधली दोघं आली, पातेलं अपुरं पडायला लागलं आणि ती राखलेली मूठही गेली. मडक्यातली राख तिनं त्याच पातेल्याच्या घासणीला वापरली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ते बी फक्त तिचं होतं का? तिच्या आईनं, आजीनं राखलेलं, पुढं माझ्या मुलींना मिळायचं. सांभाळायला दिलेली वस्तू वाटून टाकायचा हक्क सांभाळणाऱ्याला असतो का? दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता. 1941 ते 1944. तिथल्या वाविलोव्हच्या संस्थेत देशोदेशीचं बियाणं साठवलेलं होतं. ते राखणारे काही संशोधक धान्याच्या ढिगात बसून उपासमारीनं मेले, पण त्यांनी बी खाल्लं नाही. खुद्द वाविलोव्ह त्याच काळात तुरुंगात होता. 1943 साली तोही उपाशीच गेला. हे वाचलं तेव्हा वाटलं, बघ, मी बरोबर होतो. बी राखायचं असतं.

पण नंतर त्यातला फरक बोचायला लागला. त्या माणसांनी स्वतःची भूक पणाला लावली होती. मी राखायला सांगत होतो ते दुसऱ्यांच्या उपासावर, आणि स्वतःची गोणी झाकून. पुढच्या पिढीचं नाव घ्यायला मला तेवढ्या वेळेपुरतं बरं सापडलं. जमिनीच्या संमतीपत्रावर सही करताना ही पुढची पिढी कुठं आठवली होती? आणि बी तरी आमचंच कुठलं? घेवड्याचं मूळ अमेरिकेतलं. मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये काळा घेवडा रोजच्या जेवणात असतो. कुणी परक्यानं कुणा परक्याच्या हातावर ठेवला, म्हणून तो कधीतरी भामेच्या काठी पोचला.

एवढं म्हणूनही आईचं सगळं बरोबर होतं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. भूक डाळीनंही भागली असती. बी डाळीनं येत नाही. म्हणजे ते बी गेलं त्यात तिच्यापेक्षा माझाच हात जास्त होता. शेवटी चौथ्या दिवशी गोणी मी फोडली. पण तोवर मडकं रिकामं झालं होतं.

मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तशी पोरं गेली. काहींनी नंतर फोनवरून भाडं पाठवलं, काहींनी नाही.

आई आता बाजारातला काळा घेवडा कुंपणाला टोकते. येतो चांगला, दाणाही टपोरा. शिजतो लवकर. मला तो पहिल्या घासालाच वेगळा लागतो. तिला विचारलं तर म्हणते, "तसाच हाये की. तुला कवा चव कळायची?"